मिनिटकाटा

“इथे कुणी माझ्यासारखं नवीन आहे का? मी इतका नवखा आहे की एवढी एक ओळ लिहायला मला पाच मिनिटं लागली.”

सगुणाने पडद्यावरची ती ओळ दोनदा वाचली आणि तिला खुदकन हसू आलं. तिला तर नुसतं ‘हॅलो’ लिहायला सात मिनिटं लागली होती.

“मला सात लागली,” तिने एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं.

मग अक्षरं उमटली — “म्हणजे तू जिंकलीस... की हरलीस?”

१९९७ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. ठाण्यात स्टेशनजवळ कुंडलिकने आपल्या टायपिंग क्लासातली जुनी यंत्रं काढून तिथे तीन कॉम्प्युटर मांडले होते. काचेच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘सायबर कॅफे’ आणि त्याखाली ‘चपला बाहेर काढाव्यात’. सगुणा माजिवड्याच्या एका प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवायची. शाळेत पुढच्या वर्षी कॉम्प्युटर येणार होता. तो येणार म्हटल्यावर सगळ्या बाई एकमेकींकडे बघू लागल्या, तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, “सगुणा, तू सगळ्यांत लहान. तू शिकून ये.” म्हणून बुधवार-शनिवार, संध्याकाळी सहा ते सात, ती इथे येऊन बसायची.

“मॅडम, चॅटवर नवीन लोकांची वेगळी रूम असते,” कुंडलिकने तिला सांगितलं होतं. “तिथे बसा. चुकलं तरी कोणी हसत नाय.”

आणि त्या नवख्यांच्या खोलीत पहिल्याच दिवशी तिला हा भेटला होता.

त्याचं नाव डर्मट. वय पंचवीस. राहायला कॅनडाच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, न्यूफाउंडलंड नावाच्या बेटावर, एका छोट्या गावात. गावच्या ग्रंथालयात दोन कॉम्प्युटर आले होते आणि ग्रंथपाल बाईंनी याला, रिकामा दिसला म्हणून, धरून बसवलं होतं. दोघांचं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्याचं इंग्रजी घरचं, हिचं शाळेतलं. आपण ते मराठीतच ऐकू.

“तू काय करतोस?” तिने विचारलं.

“मासे पकडायचो. आता पकडत नाही. समुद्रातले कॉड मासे संपत आले, म्हणून सरकारने पाच वर्षांपूर्वी मासेमारीच बंद केली. बोट दारात उलटी पडून आहे.”

सगुणाची बोटं थांबली. तिच्या घरापासून शंभर पावलांवर, चेंदणी कोळीवाड्याच्या बंदरावर, तिच्या वडिलांची, दामाजी नाखवांची होडीही चिखलात कलंडून पडली होती. खाडीत गाळ भरला होता, जाळ्यात माशांपेक्षा पिशव्याच जास्त यायच्या. आई, शेवंती, आता भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणून बाजारात विकायला बसायची.

“आमचीपण पडून आहे,” तिने लिहिलं.



“तिकडे किती वाजलेत?” त्याने विचारलं.

“साडेसहा.”

“इथे साडेनऊ. सकाळचे. थांब — हे कसं काय? जगात सगळीकडे तासातासाचा फरक. आम्ही मात्र अर्ध्या तासाचे विचित्र लोक.”

“आम्हीपण अर्ध्या तासाचे विचित्र.”

“म्हणजे आपला मिनिटकाटा एकाच जागी आहे, सगुणा!”

तिने कुंडलिकच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मोठा काटा सहावर, सरळ खाली. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, एका कधी न पाहिलेल्या भिंतीवर, तसाच एक काटा तसाच खाली... तिला उगीचच कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून बुधवार-शनिवार कधी येतो याची ती वाट बघू लागली.

बोलायला विषय कधी कमी पडला नाही, कारण एकाचं जे साधं ते दुसऱ्याला नवल. तो म्हणाला, आमच्याकडे अठरा वर्षांचा झाला की मुलगा घराबाहेर पडतो. ती म्हणाली, का? काय केलं त्याने? तो म्हणाला, मी आईला नावाने हाक मारत नाही, पण काकांना मारतो. ती म्हणाली, माझ्या काकांना मी नावाने हाक मारली तर ते आधी डॉक्टरांना बोलावतील.

एकदा चहावरून गंमत झाली.

“पाहुणा आला की आम्ही चहा विचारतो,” तिने लिहिलं. “तो नको म्हणतो. आम्ही परत विचारतो. तो परत नको म्हणतो. तिसऱ्यांदा आम्ही विचारतच नाही, कप हातात देतो.”

“पण तो नको म्हणाला ना?”

“ते म्हणायचं असतं.”

“देवा! आमच्याकडे नको म्हटलं की किटली परत चुलीवर. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे मागे लागणं. वाईट दिसतं ते.”

“मग तुमच्याकडे आलेले आमचे लोक उपाशी मरतील.”

“आणि तुमच्याकडे आलेला मी चहा पिऊन पिऊन बुडेन.”

सगुणा इतकी हसली की शेजारच्या कॉम्प्युटरवरचे गृहस्थ चष्मा सरकवून बघायला लागले.

घरी तिने हे फक्त एकीला सांगितलं होतं. मंजुळाला. मंजुळा तिची चुलत बहीण, तिच्याहून दोन वर्षांनी लहान, भिंतीला भिंत लागून राहणारी, आणि जिभेला हाड नसलेली.

“नाव काय म्हनलीस? डर्मट?” मंजुळा म्हणाली. “नावातच डर हाय गो. हा काय समुद्रात जात असंल!”

“तुझ्यापेक्षा जास्त गेलाय.”

“बघ, बघ! अजून तोंड पन नाय बघितलं त्याचं, आनि बाजू घ्यायला लागली.”

तोंड बघायचा दिवस जानेवारीत आला. त्याने आपला फोटो पाठवला. त्या काळी फोटो उघडायचा म्हणजे चतुर्थीला चंद्राची वाट बघण्यासारखं काम. वरून एकेक रेघ खाली सरकायची. आधी नुसतं करडं आभाळ आलं. मग लोकरीची टोपी. मग कपाळ... इथे येऊन ते अडलं.

“कपाळ चांगलं आहे,” तिने लिहिलं.

“आईवर गेलंय. खाली नाक आहे, ते वडिलांवर. घाबरू नकोस.”

मग डोळे आले. बारीक, हसताना मिटणारे, उन्हापावसात दूरवर बघून बघून कडांना सुरकुत्या पडलेले. सगुणाला वाटलं, हे डोळे आपण पाहिले आहेत. मग लक्षात आलं — बंदरावरच्या सगळ्या नाखवांचे डोळे असेच तर असतात.

“मॅडम, सात वाजले,” कुंडलिक म्हणाला. मग पडद्याकडे बघून हळूच पुढे म्हणाला, “बसा. हनुवटी येऊ द्या.”

पुढच्या आठवड्यात तिने आपला पाठवला. वर्गात काढलेला, हातात पाटी धरलेला. पाटीवर खडूने लिहिलेलं — सगुणा.

“ही तुझ्या नावाची चित्रं का?” त्याने विचारलं. “वरची रेघ बोटीच्या काठासारखी आहे. आणि त्याला सगळी अक्षरं धरून लोंबकळताहेत. कुणी बुडत नाही.”

मुलांना लिहायला शिकवताना ती हजार वेळा ती रेघ ओढत आली होती. तिला हे कधी सुचलं नव्हतं.

फोटोत त्याला आणखी एक दिसलं. “दोन्ही हातांत बांगड्या?”

“सहा-सहा. आमच्या कोळ्यांच्या बायकांच्या लग्नानंतर डाव्याच हातात राहतात. लग्नाच्या वेळी उजव्या हातातल्या समुद्राला द्यायच्या. त्याने नवऱ्याला सांभाळावं म्हणून.”

मग आलं — “आमच्याकडे समुद्राला कुणी काही देत नाही. तोच घेतो. माझ्या वडिलांना घेतलं.”

तिने लिहिलं, “मी इथे आहे.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “काटा बघतोय.”

पुढे तिच्या वर्गातली मुलंही त्यात आली. तिने मुलांना सांगितलं, लांब एका गावी माझे एक मित्र आहेत, तिथे घराच्या दारापर्यंत बर्फ साचतं, त्यांच्यासाठी त्यांचं गाव काढा. कुणी डोंगर काढले, कुणी पांढरी शाळा. रतन नावाच्या चिमुरडीने एक मोठा फ्रीज काढला, त्याचं दार उघडं, आणि आत वरच्या कप्प्यात ओळीने घरं, माणसं, एक कुत्रा. “बाई, बर्फ तिथेच असतं ना?” सगुणाने ती सगळी चित्रं गुंडाळून पोस्टाने पाठवली. ग्रंथालयाच्या भिंतीवर ती चिकटवली गेली आणि रतनच्या फ्रीजसमोर गावातली म्हातारी माणसं उभी राहून म्हणू लागली — खरंच की, आपण यातच राहतो.

एप्रिलमध्ये त्याने सांगितलं, “आम्ही रविवारी घड्याळं एक तास पुढे केली.”

“केली म्हणजे? कुणी?”

“सगळ्यांनी. उन्हाळ्यात करतात.”

“सगळा देश घड्याळाला फसवतो आणि घड्याळ काही म्हणत नाही?”

“पण मिनिटकाटा तिथेच आहे. तो आम्ही हलवला नाही.”

एक तास सरकला खरा. आता ती सहाला येऊन बसायची तेव्हा तिकडे दहा वाजलेले असायचे, आणि साडेदहाला त्याला, उन्हाळ्यापुरतं काम मिळालं होतं त्या, खेकडे सोलायच्या शेडवर हजर व्हायचं असायचं. बोलायला अर्धा तासच उरला. थोडं उरलं की माणूस नेमकं बोलायला लागतो.

जूनच्या शेवटच्या शनिवारी तो आला तेव्हा त्याने थट्टा केली नाही.

“सगुणा, मला पश्चिमेकडे काम मिळतंय. आल्बर्टा म्हणून प्रांत आहे, तिथे तेल निघतं. आमच्या गावचे निम्मे लोक तिकडेच गेलेत. जुलैच्या मध्यापर्यंत हो की नाही ते कळवायचंय. एकदा गेलो की दोन वर्षं हलता येणार नाही.”

“मग?” तिने लिहिलं. हा एक शब्द लिहिताना तिचं बोट तीनदा चुकलं.

“मग असं की, माझ्याजवळ एका तिकिटापुरतं साठलेलं आहे. तू म्हणाली होतीस, तुमची ती नारळाची पौर्णिमा ऑगस्टमध्ये असते. मी आल्बर्टाला नाही म्हणतो आणि तिकडे येतो. तुझ्या वडिलांना भेटतो. उलट्या पडलेल्या दोन बोटींच्या गोष्टी करतो. आणि मग त्यांना तुझ्या उजव्या हातातल्या बांगड्यांबद्दल विचारतो.”

खाली एक ओळ आली.

“येऊ?”

सगुणाचे हात मांडीवर आले. ते तिने एकमेकांत घट्ट धरले. मान खाली गेली. छातीत सनई-चौघडा चालू होता, पण ओठांवर एक अक्षर नाही, बोटांत नाही. तिच्या घरी, तिच्या वाड्यात, मुलीला हे विचारलं की मुलगी बोलत नाही. मंजुळाच्या थोरल्या बहिणीला पाहुण्यांसमोर विचारलं होतं, तेव्हा ती पदर सावरून आत निघून गेली आणि बाहेर काकू म्हणाली, “तोंड गोड करा, पोर लाजली.” सगुणाच्या आईनेही असंच केलं होतं, आजीनेही. नको असेल तर रडारड, रुसवे, काय वाटेल ते. पण गप्प बसणं म्हणजे हो. हे सगुणाला कुणी शिकवलं नव्हतं. श्वास कसा घ्यायचा हे कुठे कुणी शिकवतं?

आणि म्हणूनच तिने ते त्याला कधी सांगितलं नव्हतं. चहाचं सांगितलं, काकांचं सांगितलं, बांगड्यांचं सांगितलं. आपल्याला जे अगदी हाडात ठाऊक असतं ना, नेमकं तेच सांगायचं राहून जातं.

पडद्यावर कर्सरची काडी लुकलुकत राहिली. एक मिनिट. दोन. पाच.

“सगुणा?”

ती हसत होती. मान खाली घालून, गालावर खळी पडेपर्यंत हसत होती. पण पडद्याच्या पलीकडे ना ती मान दिसत होती, ना खळी. तिथे नुसती कोरी जागा होती.

दहा मिनिटांनी अक्षरं आली. सावकाश.

“बरं. ठीक आहे, सगुणा. शेडवर जायची वेळ झाली. स्वतःला जप.”

त्याला हे किती शोभलं, असं तिला वाटलं! पसंती मिळाली की शहाणी माणसं उगीच बसून राहत नाहीत, उठतात. तिने पडद्यावरच्या त्याच्या नावाला नुसतं बोट लावलं आणि चपला घालायला विसरून बाहेर पडली.

“मॅडम, चपला!” कुंडलिक मागून ओरडला.

त्यानंतरचे चार आठवडे ती कॅफेत गेलीच नाही. बोलणं ठरल्यावर मुलीने मुलासमोर सारखं जाऊ नये, हेही हाडातलंच. जुलैच्या अखेरीस राहवेना तेव्हा एकदा गेली. तो नव्हता. प्रवासाच्या गडबडीत असेल, तिने स्वतःला समजावलं.

मग तिने आईला सांगितलं. शेवंती टोपलीतले बोंबील निवडत होती.

“आये, पौर्णिमेला पाहुना येईल.”

“कोन गो?”

“कॅनडाचा हाय. मासेमारी करतो.”

शेवंतीचा हात थांबला. तिने लेकीच्या तोंडाकडे बघितलं, आणि आई लोकांना जे एका नजरेत कळतं ते तिला कळलं. बराच वेळ ती बोंबील उलटसुलट करत राहिली.

“गोरा?”

“हो.”

“दर्यावरचा हाय पन?”

“हो.”

“मग मासली खात असंल,” ती मोठा निःश्वास सोडून म्हणाली. “येवढं तरी बरं. बापाला मी सांगते. तू गप रव.”

दामाजी नाखवांनी ऐकून घेतलं. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र ते बंदरावर गेले आणि चिखलातल्या होडीच्या कडेला रंग लावायला बसले. तेव्हा सगुणाला कळलं, बाबांचाही होकार आहे.

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात पताका लागल्या. पालखी निघाली, बँड वाजला, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ मिरवत खाडीकडे चालला. सगुणा हिरवं लुगडं नेसली होती, दोन्ही हातांत नव्या बांगड्या. दामाजी नवी लाल टोपी घालून मिरवणुकीत पुढे होते, पण दर दहा पावलांनी वळून स्टेशनच्या रस्त्याकडे बघत होते. एकदा एक उंच, गोरासा माणूस गर्दीतून येताना दिसला, तेव्हा मंजुळाने सगुणाचा हात घट्ट दाबला. तो बँकेतला कुणीतरी होता, बायकोला शोधत होता.

नारळ पाण्यात पडला. लोकांनी हात जोडले. दिवे लागले. पताका ओल्या होऊन लोंबायला लागल्या. शेवंतीने पाहुण्यासाठी बाजूला ठेवलेला पापलेट झाकून ठेवला, मग पुन्हा झाकण उघडून बघितलं, उगीच.

परतताना दामाजी लेकीच्या बाजूने चालत होते. ते फार कमी बोलणारे. घराच्या उंबऱ्याशी आल्यावर म्हणाले, “जमलं नसंल पोराला. लांबचा पल्ला हाय.”

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेत, मुलं पाढे म्हणत असताना, सगुणाचे डोळे वाहायला लागले. सगुणाबरोबरच चौथीत आलेली रतन उठून आली आणि म्हणाली, “बाई, खडू गेला का डोळ्यात?” सगुणा म्हणाली, “हो गं.”

दिवाळीच्या आधी एक पार्सल आलं. त्यावर ‘समुद्रमार्गे’ असा शिक्का होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात टाकलेलं. म्हणजे ती हसत होती, लुगड्याला इस्त्री करत होती, रस्त्याकडे डोळे लावून होती, तेव्हा हे पार्सल कुठल्याशा बोटीच्या पोटात, समुद्राच्या मध्यावर हेलकावे खात होतं.

आत लाकडाची वीतभर होडी होती. पत्रात लिहिलं होतं —

“बोट मोडून विकली. तिच्या एका फळीतून ही तुझ्या वर्गासाठी केली. मी आल्बर्टाला निघालोय. मी विचारलं आणि तू काही बोलली नाहीस. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘नाही’ होतो, आणि समोरच्याला ते तोंडाने म्हणायला लागू नये म्हणून आम्ही तिथेच थांबतो. मी पुन्हा विचारलं असतं तर ते तुझ्या मागे लागणं झालं असतं. तुला अवघडल्यासारखं वाटू नये, एवढीच इच्छा. तू मला खूप दिलंस. कधी साडेसहा वाजता घड्याळाकडे बघशील तर हसून बघ.”

होडीच्या कडेला निळ्या रंगात, चित्र काढावं तशी, एकेक अक्षर जपून काढलेलं होतं. सगुणा. वरची रेघ जराशी तिरकी, लाटेवर असल्यासारखी.

सगुणा पत्र हातात धरून बसली. मंजुळा शेजारी होती.

“चहाचं त्याला सांगितलेलं मी,” सगुणा म्हणाली. “दोनदा नको म्हणायचं असतं, तिसऱ्यांदा कप हातात द्यायचा असतो... हसलो होतो गो आम्ही. किती हसलो होतो.”

दुसऱ्या दिवशी ती कुंडलिककडे धावली. डर्मटचा स्वतःचा ई-मेल नव्हता, तिने ग्रंथालयाला लिहिलं. ग्रंथपाल बाईंचं उत्तर आलं. पोरगा आल्बर्टाला गेला, आईलाही महिन्याने एकदा फोन करतो, कामाची जागा बदलत असते, पण हा एक पत्ता आहे. खाली त्यांनी आपल्या मनाने एक ओळ जोडली होती — ‘तुमच्या विद्यार्थिनीचा फ्रीज अजून भिंतीवर आहे.’

सगुणाने विमानाच्या निळ्या पाकिटात पत्र घातलं. त्यात दुसरं काही लिहिलं नाही. एकच शब्द. इंग्रजीत लिहिला, आणि खाली मराठीत, मोठ्या अक्षरात, वर सरळ रेघ ओढून. हो.

फेब्रुवारीत ते पाकीट परत आलं. वर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली — पत्त्यावर राहत नाही, पुढचा पत्ता नाही. पाकीट फोडलेलं नव्हतं. तिचा होकार अर्धी पृथ्वी फिरून, कुणीच न वाचता, दारात येऊन पडला होता. तिने ते तसंच बंद ठेवलं, होडीच्या पोटात, उभं करून, शिडासारखं.

ग्रंथपाल बाईंना तिने पुन्हा दोनदा लिहिलं. एकदा उत्तर आलं, त्याची आईही लेकीकडे राहायला गेली. मग उत्तर येणं थांबलं.

मे महिन्यात मंजुळाला बघायला पाहुणे आले. विठ्ठलवाडीचे. मुलगा रेल्वेत, चांगला, शांत. काकांच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती, चहा फिरत होता. मंजुळा पाटावर बसली होती, मान खाली, आणि तिची ती चुरूचुरू बोलणारी जीभ कुठे हरवली होती कोण जाणे.

मुलाच्या मामांनी विचारलं, “काय पोरी? मुलगा पसंत आहे ना?”

मंजुळाने मान आणखी खाली घातली. काकू कौतुकाने हसली. मंजुळाच्या वडिलांनी, धाकूकाकांनी, पेढ्यांचं ताट पुढे ओढलं. “लाजली! घ्या, तोंड गोड करा.”

“थांबा, काका.”

सगुणा दारात उभी होती. सगळ्यांनी वळून बघितलं. तिचा आवाज वर्गातला होता, खणखणीत पण मऊ.

“तिला विचारलंय ना? मग तिला बोलू द्या.”

“अगं, बोलायचं काय त्यात? गप्प बसली म्हणजे—”

“गप्प बसली म्हणजे गप्प बसली, काका,” सगुणा म्हणाली. “बाकी सगळं आपण मनाने भरतो.”

सगुणा खाली वाकली, मंजुळाच्या समोर गुडघ्यांवर बसली, पाढा अडलेल्या मुलासमोर बसावं तशी. “मंजू. तोंडाने सांग. जे असेल ते.”

मंजुळाने मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज तिचाच होता.

“मला आठ दिवस पाहिजेत,” ती म्हणाली. “आनि यांच्याशी एकदा बोलायचंय. बाहेर. बंदरावर.”

मामांनी भुवया उंचावल्या. काकूने कपाळाला हात लावला. पण जो मुलगा इतका वेळ नुसता कपबशीकडे बघत होता, त्याने पहिल्यांदा वर बघितलं आणि म्हणाला, “मलापण तेच विचारायचं होतं. पण म्हटलं, बरं दिसणार नाही.”

पाहुणे गेल्यावर मंजुळा धावत सगुणाकडे आली. सगुणा बंदराच्या धक्क्यावर बसली होती. भरतीचं पाणी गाळावर चढत होतं, आणि दामाजींची रंगवलेली होडी हळूहळू सरळ होत होती.

“ताई,” मंजुळा म्हणाली. एरवी ती तिला ताई म्हणायची नाही. “तुझ्यामुळं झालं गो.” मग जरा थांबून, “आता किती वाजलं असंल तिकडं?”

सगुणाने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेसहा.

“तो आहे तिथे बरोबर सात. सकाळचे. नकाशात बघून काढलंय मी.” ती थोडा वेळ काट्याकडेच बघत राहिली. “आल्बर्टात अर्धा तास नसतो, मंजू. तिकडचा मिनिटकाटा आता वर असेल. आपला खाली.”

मंजुळाला यातलं काही कळलं नाही. पण तिने सगुणाचा हात हातात घेतला. उजवा. त्यात सहा बांगड्या होत्या.

पाणी धक्क्याच्या पहिल्या पायरीला लागलं. सगुणा हसली, त्याने सांगितलं होतं तशी. आणि मग पाण्याकडे बघत, पाठ चुकलेल्या मुलाने बाक रिकामे झाल्यावर वर्गात एकट्याने उत्तर म्हणावं, तसं मोठ्याने, स्पष्ट म्हणाली —

“हो.”